सर्जन आणि विसर्जन : नागपूरच्या दृश्यकलेतील सृष्टिचक्र

संस्कृतातील सृज् या धातूचा मूळ अर्थ मोकळे सोडणे, बाहेर टाकणे असा आहे. याच एका धातूपासून सृष्टी, सर्ग, निसर्ग, सर्जन आणि विसर्जन हे सर्व शब्द सिद्ध झाले आहेत. आधुनिक मराठीत सर्जन हा शब्द कलावंताच्या वाट्यास गेला, निसर्ग हा रानावनाच्या वाट्यास गेला आणि विसर्जन हा गणेशमूर्तीपुरता व सभेच्या समाप्तीपुरता उरला. हे तिन्ही शब्द एकाच कुळातील आहेत याची जाणीव त्यामुळे आपल्या बोलण्यातून जवळजवळ लोपली आहे. निसर्गातील जन्म, वाढ, क्षय आणि पुनर्जन्म यांवर आधारलेल्या आजच्या चित्रशिल्पांविषयी जे लेखन होते, त्यातही बहुधा हीच फारकत आढळते. ‘निसर्गापासून प्रेरणा’ असे म्हटले की झाडे, बीजे, सूर्य, जल यांची चित्रे डोळ्यांपुढे येतात. परंतु कलाकृती स्वतः त्या चक्रात सापडलेली आहे की केवळ त्याची खूण दाखवीत आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. नागपूर आणि त्याच्या परिसरात या दोन्ही प्रकारांची ठळक उदाहरणे उपलब्ध असल्याने हा प्रश्न येथे प्रत्यक्षाच्या आधारे तपासता येतो.

प्रथम चित्रकलेचा विचार करू. सय्यद हैदर रझा यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मंडला जिल्ह्यातील बाबरिया या गावी झाला. वडील वनखात्यात नोकरीस होते. मंडला जिल्हा त्या काळी मध्य प्रांतात मोडत असे आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. म्हणून चित्रकला शिकावयाची तर नर्मदाकाठच्या या तरुणाने नागपुरास यावे हे ओघानेच आले. १९३९ ते १९४३ या काळात रझा नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले व त्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या पहिल्या सहा सदस्यांत त्यांचा समावेश होता. त्याच गटातील ह. अ. गाडे हेही विदर्भातलेच. आणखी एक योगायोग असा की, पुढे या गटाशी निगडित झालेले वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ मध्ये नागपुरातच झाला. मात्र त्यांच्या चित्रांतील स्तब्धतेचा सृष्टिचक्राशी संबंध जोडणे ओढाताणीचे होईल.

रझांच्या आरंभीच्या जलरंगचित्रांत निसर्ग दृश्य म्हणून येतो. १९४८ मध्ये काश्मीरात छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांची भेट झाली असता, चित्रांत रचना नाही, सेझानचा अभ्यास करा, असा सल्ला त्यांना मिळाला. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले आणि जवळजवळ साठ वर्षे तेथेच राहिले. १९५६ मध्ये तेथील समीक्षकांचे पारितोषिक त्यांना मिळाले. तथापि, १९७० नंतरच्या दशकात ही सर्व कमाई त्यांना अपुरी वाटू लागली आणि भारताच्या वारंवार केलेल्या प्रवासांनंतर, १९८० च्या सुमारास, त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी काळा बिंदू स्थिर झाला. बालपणी शाळेत चंचल रझांचे चित्त एकाग्र व्हावे म्हणून शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसण्यास सांगितले होते, ही आठवण ते स्वतः सांगत असत.

या कालखंडातील चित्रांची शीर्षके भाषेच्या अभ्यासकाने पाहण्यासारखी आहेत : बिंदू, बीज, अंकुरण, प्रकृति, पंचतत्त्व, आवर्तन. शेतकऱ्याच्या तोंडी बी, कोंब, मोड, धुमारा असे शब्द असतात. रझांनी त्यांची तत्सम रूपे घेतली. (बी आणि बीज हा एकच शब्द होय, पहिल्याची झीज झाली, दुसरा पोथीतून तसाच उचलला गेला. भाऊबीजेतील बीज मात्र निराळे, ते द्वितीयेपासून आले आहे.) अंकुर ही वस्तू आहे, अंकुरण ही क्रिया आहे. चित्राला ‘अंकुर’ म्हटले असते तर प्रेक्षकाने कोंब शोधला असता. ‘अंकुरण’ म्हटल्याने त्याने घडणे शोधावे अशी अपेक्षा निर्माण होते. प्रत्यक्ष चित्रात मात्र उभी-आडवी रेषा, चौकटी, त्रिकोण आणि वर्तुळ यांखेरीज काही हलत नाही. भूमितीने स्थिर केलेल्या आकाराला क्रियावाचक नाव देण्यात या चित्रांचे बळ आहे व संकटही तेथेच आहे.

बिंदू या शब्दाचा प्रवास याहून गुंतागुंतीचा आहे. भूमितीच्या पुस्तकाने आपल्या मनावर बिंदूची जी व्याख्या ठसविली आहे तीत लांबी, रुंदी, जाडी काहीच नसते. संस्कृतात बिंदू म्हणजे आधी थेंब. तो ओला असतो आणि पडतो. योगग्रंथांत तोच शब्द रेताचा वाचक आहे, म्हणजे बिंदू आणि बीज हे तेथे पर्याय ठरतात. व्याकरणात तो अनुस्वाराचे चिन्ह आहे, म्हणजे नादाची खूण. (१९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी मराठीतील अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, तेव्हा असे असंख्य नाद नसलेले बिंदू आपल्या पानांवरून नाहीसे झाले; विसर्गाचे दोन बिंदू तर सृज् धातूचेच अपत्य आहेत.) थेंब, बीज, नाद आणि शून्य हे चारही अर्थ रझांच्या काळ्या वर्तुळात एकत्र नांदू शकतात, कारण ते भाषेत आधीच एकत्र नांदत होते. फ्रेंच अथवा इंग्रजी प्रेक्षकास त्यांतील एखादाच अर्थ मिळतो. पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात २०२३ मध्ये रझांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. तेथील प्रेक्षकास हे सारे टिपणांतून समजून घ्यावे लागले असणार.

परंतु हेही स्पष्ट म्हटले पाहिजे की, बीज एकदा खूण झाले की ते उगवण्याचे थांबते. रझांच्या १९८० च्या दशकातील चित्रांत काळा रंग खोल आहे, त्याच्याभोवतालचे तांबडे-पिवळे रंग त्यातून निघाल्यासारखे वाटतात. शेवटच्या काळातील कित्येक चित्रांत तेच वर्तुळ केवळ स्वाक्षरीसारखे येते. पुनरावृत्तीच्या आरोपावर जपाचे उदाहरण पुढे केले जाते. ते अगदीच निरर्थक नाही. मात्र जप करणाऱ्याची पुनरावृत्ती त्याच्या स्वतःसाठी असते, विकत घेणाऱ्यासाठी नसते. २००९ मध्ये दिल्लीत आपल्याच चित्रांचे म्हणून भरलेले प्रदर्शन पाहण्यास रझा गेले असता तेथील चित्रे बनावट असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. हा प्रसंग बहुधा बाजारातील लबाडीचा नमुना म्हणून सांगण्यात येतो. त्यात एक रूपविषयक सत्यही आहे : कोंब फुटण्याची नक्कल करता येत नाही, कोंबाच्या चिन्हाची सहज करता येते. रझा २०१० च्या अखेरीस भारतात परतले, २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत निवर्तले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना मातीत ठेवण्यात आले.

त्याच मंडला जिल्ह्यात, रझांनंतर चाळीस वर्षांनी, पाटनगढ या गावी जनगढसिंह श्याम यांचा जन्म झाला. (हे गाव आता दिंडोरी जिल्ह्यात आहे.) जनगढ हे परधान समाजातले. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. बाना नावाचे वाद्य वाजवून यजमानाच्या कुळाच्या व देवांच्या कथा गाणे हे त्यांचे काम. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनासाठी १९८१ मध्ये या तरुणास आणले आणि कागदावर उतरू लागलेल्या त्या शैलीस पुढे ‘जनगढ कलम’ असे नाव मिळाले. या चित्रांतही बिंदू आहेत, पण एक नव्हे, सहस्रावधी. हरणाचे, पक्ष्याचे, देवाचे शरीर ठिपक्यांच्या ओळींनी भरलेले असते. हरणाची शिंगे वाढत वाढत झाडाच्या फांद्या होतात आणि त्यांवर पक्षी बसतात. रझांचा बिंदू केंद्र आहे. जनगढांचा ठिपका त्वचेवरील रोमांसारखा सर्वत्र आहे. एकाने सृष्टी एका बीजात आकसून घेतली, दुसऱ्याने ती बीजासारखी पेरली. मराठीत या दोहोंसाठी दोन शब्द आहेतच : बिंदू आणि ठिपका. पहिला शास्त्राचा, दुसरा रांगोळीचा.

जनगढांचा १९८९ मध्ये पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात समावेश झाला आणि २००१ मध्ये जपानमधील मिथिला संग्रहालयात कामासाठी गेले असता त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या कलेचा कागदावर येण्याचा प्रवास वारली चित्रांच्या प्रवासासारखाच आहे. वारल्यांच्या घरी लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, त्यात वनस्पतींची देवी पालघट असते. भिंत पुन्हा सारवली की चौक जातो. पुढच्या लग्नात तो पुन्हा येतो. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने जिव्या सोमा मशे कागदावर व कापडावर काढू लागले, तेव्हा ही चित्रे टिकाऊ झाली, जगभर गेली आणि मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. या लाभाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्याच क्षणी चित्र सारवणाच्या चक्रातून बाहेर पडले आणि चक्राचे चित्र बनले.

चित्राच्या बाबतीत हा पालट सहज घडतो, कारण चित्र हे मुळातच पृष्ठावर असते. शिल्पास पदार्थ असतो आणि पदार्थाला स्वतःचे आयुष्य असते. मुंबईत १९४९ मध्ये जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनी तागाच्या जातीच्या दोराच्या गाठी मारून माणसाहून उंच शिल्पे घडविली. ‘पुष्प’ (१९९३) आणि ‘वनश्री’ (१९९४) ही त्यांपैकी विख्यात होत. येथे वनस्पतीचे रूप वनस्पतीच्याच धाग्यांत आले आहे. ब्रिटिश शिल्पकार अँडी गोल्ड्सवर्दी त्याहून पुढे गेले : पाने, बर्फ, चिखल यांची त्यांची शिल्पे काही तासांत वितळतात किंवा उडून जातात. पण ती आपणांस ठाऊक होतात ती छायाचित्रांमुळे. म्हणजे नश्वरतेच्या या कलेचे अस्तित्वही अखेर एका टिकाऊ वस्तूवर अवलंबून राहते.

नागपुरात असे शिल्प आहे की ज्याला छायाचित्राची गरज पडत नाही, कारण ते दरवर्षी परत येते. श्रावण अमावास्येला पोळा. दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, तान्हा पोळा आणि मारबत. तृतीयेस हरतालिकेला स्त्रिया वाळूची पिंड करतात. चतुर्थीस गणपती येतो, त्यापाठोपाठ गौरी आणि पौर्णिमेपासून मुलींच्या भुलाबाई. श्रावण अमावास्येपासून भाद्रपद पौर्णिमेपर्यंतच्या एका पंधरवड्यात लाकूड, बांबू, कागद, वाळू आणि माती अशा पाच पदार्थांतून आकार घडतात व यांपैकी बहुतेक लवकरच मोडले जातात. कोणत्याही कलाशाळेच्या अभ्यासक्रमात इतक्या थोड्या अवधीत इतके पदार्थ हाताळले जात नसतील.

यांतील तान्हा पोळा हा अपवाद. तान्हा म्हणजे अंगावर पिणारे मूल. मुलांचा पोळा तो तान्हा पोळा. दुसरे रघूजी भोसले यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला असे परंपरा सांगते. मुले लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात. हा बैल जाळत नाहीत, बुडवीत नाहीत. तो माळ्यावर ठेवला जातो आणि मूल मोठे झाले की धाकट्याकडे जातो. येथे शिल्प स्थिर आहे, चक्र त्याच्या भोवती फिरते : बैल तोच, दोरी धरणारा हात बदलतो.

मारबतीचे उलट आहे. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे मानण्यात येते. बांबूचा सांगाडा, कागद, कापड आणि रंग यांनी घडविलेल्या या प्रचंड स्त्रीमूर्ती इतवारी-महाल भागातून मिरवीत नेऊन गावाबाहेर जाळल्या जातात. रोगराई आणि पीडा घेऊन जाण्यास तिला बजावले जाते. कालमान पाहता याचा अर्थ सरळ आहे. पावसाळ्याचे दोन महिने सरलेले असतात, साथीचे आजार घरोघर असतात, शेतात पीक निम्म्यावर आलेले असते. सोबत निघणाऱ्या बडग्यांचे विषय मात्र प्रतिवर्षी नवे : महागाई, लाचलुचपत, त्या वर्षाची राजकीय प्रकरणे. समकालीन शिल्प कशास म्हणावे याची चर्चा करणाऱ्यांनी बडग्यांकडे दुर्लक्ष करावे हे नवल आहे. ज्या शिल्पाचा विषय एका वर्षात शिळा होतो आणि ज्याचे शरीर एका दिवसात राख होते, त्याहून अधिक समकालीन काय असू शकेल?

गणेशमूर्तींचे केंद्र म्हणजे चितार ओळ. नागपुरात पेठेतील गल्लीला ओळ म्हणण्याचा प्रघात आहे आणि चितारी हा शब्द चित्रकार या शब्दाचेच प्राकृतातून झिजलेले रूप आहे. विशेष हे की चितारी हा नुसता रंगविणारा नव्हे, तो मूर्ती घडवितोही. चित्रकला आणि शिल्पकला यांचे जे विभाजन कलाशाळांनी केले, ते या शब्दाला ठाऊक नाही. मातीच्या कामात हे दोन व्यवहार वेगळे राहतही नाहीत.

कच्च्या मातीची मूर्ती कोणत्या बळावर उभी असते? मातीचे सूक्ष्म चपटे कण पाण्यामुळे एकमेकांवर सरकतात, म्हणून ती आकार घेते. पाणी उडून गेले की कण एकमेकांस घट्ट चिकटतात, म्हणून ती टणक होते. भाजल्यावाचून या कणांत कायमचा सांधा निर्माण होत नाही. त्यामुळे पुन्हा पाणी मिळताच ती काही तासांत सुटते. घडण्याचे आणि विरण्याचे कारण एकच, ते म्हणजे पाणी. विदर्भातील काळी माती कापसास उत्तम असली तरी नुसती घेतली तर मूर्तीस प्रतिकूल, कारण ती ओली असता फुगते व वाळताना भेगाळते. म्हणून योग्य माती निवडणे, ती मळणे, तंतू मिसळणे आणि सावलीत हळूहळू वाळविणे यांत कारागिराचे कौशल्य असते. आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत हे वाळविणे हेच सर्वांत अवघड काम ठरते.

प्लास्टर ऑफ पॅरिसने ही अडचण दूर केली. जिप्सम तापवून त्यातील बहुतेक पाणी काढले की ही भुकटी मिळते. तीत पाणी घातले की ती काही मिनिटांत घट्ट होऊन पुन्हा जिप्सम बनते. साच्यात ओतलेली मूर्ती त्याच दिवशी निघते, वजनाने हलकी असते आणि एका साच्यातून शेकडो निघतात. स्वस्ताई आणि वेग यांपुढे मातीचा टिकाव कठीण झाला यात मूर्तिकाराचा दोष मानता येत नाही. परंतु पाणी येथे केवळ घडवते, विरवत नाही. एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम दोन ते अडीच ग्रॅम विरघळते. म्हणजे दहा किलोची मूर्ती पूर्ण विरघळावयाची तर किमान चार हजार लिटर पाणी हवे, आणि तेही वरच्या रंगाच्या थराने आड न आल्यास. ‘विसर्जन’ हा शब्द तसाच राहिला आणि त्याची क्रिया मात्र थांबली. रझांच्या बनावट चित्रांशी याचे साम्य सहज लक्षात येईल. दोन्ही ठिकाणी साचा हा चक्राच्या जागी येऊन बसला आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाविषयी २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२० मध्ये ती सुधारून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास मोकळीक दिली, मात्र नैसर्गिक जलाशयांतील विसर्जनावर निर्बंध ठेवले. कायद्याच्या दृष्टीने हा मध्यममार्ग असेल. कलेच्या दृष्टीने पाहता, ज्या दोन क्रिया सृज् धातूने एकत्र धरल्या होत्या त्या येथे प्रथमच दोन स्वतंत्र कलमांखाली आल्या. नागपुरात आता विसर्जन बव्हंशी कृत्रिम टाक्यांत होते. मातीची मूर्ती तेथेही गाळ होऊन तळाशी बसते आणि तो गाळ पुन्हा वापरता येतो. प्लास्टरची उचलून अन्यत्र न्यावी लागते.

यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचविलेला उपाय उल्लेखनीय आहे. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टरची मूर्ती ठेवली असता जिप्समचे रूपांतर कॅल्शियम कार्बोनेटच्या साक्यात होते आणि वर अमोनियम सल्फेटचे द्रावण उरते. अमोनियम सल्फेट हे खत आहे. पाण्याने पातळ करून ते झाडांना घालता येते. पुण्यात महानगरपालिकेने ही भुकटी नागरिकांना वाटली असून बादलीत बुडविलेली छोटी मूर्ती सुमारे दोन दिवसांत विरते. चितार ओळीतील ज्या कारागिरांनी मातीचे काम सोडलेले नाही, त्यांना अशा भुकटीची गरज नाही. त्यांची पहिली मूर्ती मात्र पाऊस लागण्यापूर्वी, ज्येष्ठातच वाळत घालावी लागते.